उलट्या महाराजाचा चेला

एका जंगलात, आता कुठल्या म्हणून मधी तोंड घालू नका पोरांनो, एक सुगरणीचा नर व्हता. नाव बिरू. वढ्यावरच्या बाभळीला त्याचं अर्धं घरटं लटकत व्हतं.

सुगरणीत रीतच तशी. नरानं घरटं अर्धं विणायचं. मग मादी येती, चोचीनं वडून बघती. टिकलं तर संसार, न्हाई तर बस बोंबलत. चांगुणा नावाच्या मादीनं बिरूची दोन घरटी आधीच पाडली व्हती. पुन्यांदा येते म्हणाली व्हती, ती शेवटचीच.

शेजारच्या फांदीवर बिरूचा चुलता, गेनूआण्णा. म्हातारा गप्पा हाणत विणायचा. गाठीकडं बघायचासुद्धा न्हाई.

"आण्णा, न बघता कसं जमतं ओ?"

"मला काय ठावं? चोच आपली चालती. तू विण की गप."

बिरूला वाटलं, म्हातारा गुपित लपवतोय. तो तडक वडावर गेला. तिथं उलटा महाराज असायचा. म्हंजे वटवाघूळ. खाली डोकं, वर पाय.

"महाराज, लटकून दमत न्हाई का?"

"मी लटकत न्हाई, बाळ. लटकणं होतं. करणारा गेला की काम आपसूक होतं. गाठ विसर. गवत विसर. चोचबी विसर."

बिरू घरी आला आणि विसरून बसला. फार काय जड गेलं न्हाई. येत व्हतं कुठं काय?

गेनूआण्णा तापला. "लेका, विण की."

"विणणं होईल, आण्णा. मी मधी येत न्हाई."

"आरं, ढिगानं घरटी नासली तवा कुठं मी विसरलो. तुझ्याकडं विसरायला हाय काय, भाड्या?"

बिरूनं डोळं मिटलं.

चांगुणा आली. एक हिसका दिला. घरटं वढ्यात.

"हे काय रं?"

"पडणं झालं," बिरू म्हणाला.

"मग माझं जाणंबी झालं."

गेली, ती शेजारच्या फांदीवर. म्हाताऱ्याचं घरटं तिनं वडलं, हिसकलं, वर लोंबकळूनबी बघितलं. मग आत शिरली ती शिरलीच.

आता बिरू तिला काकी म्हणतो. पर त्याचं काय अडलं न्हाई. ज्यांची ज्यांची घरटी पडली, ती समदी पोरं त्याच्याकडं जमली. रोज सकाळी डोळं मिटून बसत्यात. बिरूला दाणं आयतं येत्यात. गेनूआण्णा मातूर म्हातारपणी पिल्लांसाठी अळ्या शोधत उन्हातान्हात हिंडतोय.

तात्पर्य: काम येत असलं की जल्मभर तेच करावं लागतं. येत नसलं तर लगेच महाराज होता येतं. आता अभ्यासाला बसायचं का न्हाई, ते तुमचं तुम्ही बघा.