आत्याच्या आवाजाला पहिली रांग

अमेरिकेतल्या आमच्या चँडलरच्या मराठी मंडळींच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, ताट हातात घेतलं रे घेतलं, की सोनकुसरेकाका आडवे येतात. "थांबा! म्हातारी माणसं न् लहान पोरं पहिल्या रांगेत. तुम्हाला काय घाई आहे, वहिनी?" भुकेल्या माणसानं यावर काय बोलायचं, कपाळ!

काका नागपूरचे, इथे नेटवर्क इंजिनिअर. कंपनीच्या नेटवर्कवर कुणाचा डेटा आधी जाईल आणि कुणाचा थांबेल, हे ठरवायची नोकरी. ती घरी आल्यावरही सुटत नाही. "वाट सगळ्यांना आहे जी, पण आधी कोण, ते ठरवा लागते!" हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

पण माझ्या लेकीच्या बारशाला हाच माणूस देवासारखा धावून आला. बाळाच्या कानात नाव आत्यानं सांगायचं, आणि माझ्या नणंदेला व्हिसाच मिळेना. मग ठरलं, ती पुण्याहून व्हिडिओ कॉलवर सांगेल. आदल्या दिवशी तालीम झकास झाली. बारशाला चाळीस पाहुणे आले आणि सगळ्यांनी आमचं वायफाय घेतलं. कुणी फोटो पाठवतंय, कुणी क्रिकेट बघतंय, मुलं गेम खेळतायत! नणंदबाई "कुर्र" म्हणाल्या आणि तोंड उघडं ठेवून स्क्रीनवर गोठल्या. तीनदा हेच. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी तर रडकुंडीला आले.

काका लॅपटॉप घेऊन थेट कपड्यांच्या कपाटात शिरले, आमचा राउटर तिथेच असतो. "कोणाचंच नेट बंद नाही करत," आतून आवाज आला. "आत्याचा आवाज सगळ्यांत आधी, मग तिचा चेहरा. तुमचं क्रिकेट, जागा उरली तर!"

"काका, काय यार!" "माय गेम इज लॅगिंग!" बाहेर नुसता गलका. काका ढिम्म.

आणि मग, अहाहा! फोन पाळण्यात लेकीच्या कानाशी धरला आणि पुण्याहून खणखणीत आलं, "कुर्रर्र... रेवा!" एक अक्षर तुटलं नाही. तिकडे बायकांनी नणंदेच्या पाठीत घातलेले धपाटेसुद्धा ऐकू आले! घर टाळ्यांनी दणाणलं. सासूबाई हसत होत्या, रडत होत्या. नवऱ्यानं काकांना कपाटातून अक्षरशः उचलून बाहेर आणलं. मला इतका आनंद झाला होता, की त्यांच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी घुगऱ्या द्यायला त्यांच्या घरी गेले. टेबलावर लॅपटॉप उघडा होता. त्यांच्या घरच्या नेटच्या पहिल्या रांगेत एकच नाव होतं, मुक्ता.

"मुलगी," काका म्हणाले. "बोस्टनला असते. तिची आई गेली, तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी."

"पण काका, घरात तुम्ही एकटेच. गर्दी कुणाची होणार?"

काकांनी घुगऱ्यांचा डबा लॅपटॉपशेजारी ठेवला.

"गर्दी नाही जी," ते म्हणाले. "पण तिनं फोन केलाच, तर माझ्याकडून अडायला नको."