बाईंच्या आवाजाची रजा

सोमवारी सकाळी बाईंचा आवाज गेला. ज्या बाईचा संसारच आवाजावर चाललेला, तिचा घसा बसावा यात नवऱ्याला कुठेतरी न्याय दिसला. तो विनाकारण दोनदा स्वयंपाकघरात येऊन मनसोक्त बोलून गेला. डॉक्टरांनी आठवडाभर मौन सांगितलं होतं. कुजबुजसुद्धा बंद.

बाई शाळेत स्पीच थेरपिस्ट होत्या. अडखळणारी, बोबडं बोलणारी पोरं त्यांच्या खोलीत येत. सध्या सगळी मदार दुसरीतल्या एका मुलीवर होती. घरी तिचं तोंड मिटत नसे, शाळेत मात्र वर्षभरात अक्षर नाही. "घरी तुमची हुबेहूब नक्कल करते," असं तिची आई सांगायची. बाई कौतुकानं ऐकायच्या आणि विसरायच्या.

बुधवारी मुख्याध्यापिका स्वतः बघायला येणार होत्या. मुलगी बोलली नाही तर खोली खेळाच्या सामानाला जाणार, हे ठरल्यात जमा होतं. चटयांचा गठ्ठा तर आधीच दाराबाहेर येऊन बसला होता, बिऱ्हाड करायला आल्यासारखा.

बुधवारी बाई पाणी पिऊन परतल्या आणि दाराशी थबकल्या. आतून आवाज येत होता. त्यांचाच.

"घाई नाही. आधी श्वास. आता सांग."

बाईंनी घशाला हात लावला. घसा गप्प होता. आतला आवाज मात्र खाकरला, अगदी त्यांच्यासारखा, आणि म्हणाला, "छान. परत एकदा."

त्यांनी दार ढकललं, तर बाईंच्या खुर्चीत ती मुलगी. पाय अधांतरी, समोर कापडी घुबड. तिनं सावकाश मान वळवली. ओठ मिटलेले.

"डॉक्टरांनी गप्प बसायला सांगितलंय ना?" मागून मुख्याध्यापिका म्हणाल्या. "जिन्यापर्यंत ऐकू येतंय तुमचं."

बाईंनी मान हलवली, मुलीकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या घशाकडे. मुख्याध्यापिकांनी पाण्याची बाटली पुढे केली. शेवटी बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'ती बोलली.'

"आवाज तुमचा होता, बाई. मी काय आज ओळखते तुम्हाला? ही बघा, आहे तशीच बसलीये."

बाईंनी खडू ठेवला. खोली गेली, असं त्यांनी मनात मांडूनही टाकलं.

"चेहरा पाडू नका. खोली राहील तुमच्याकडेच," मुख्याध्यापिका जरा नरमल्या. "काल संध्याकाळी फोनवर इतकं नीट समजावलंत. पोरांना वेळ द्यावा लागतो, घाई करून चालत नाही, म्हणालात. मी चिडले, तर मलाच आधी श्वास घ्यायला लावलात. आणि मी घेतला हो."

काल संध्याकाळी बाई कागदावर लिहून लिहून नवऱ्याशी भांडत होत्या.

मुख्याध्यापिका गेल्या. जाताना त्यांनी चटया उचलायला सांगितलं. बाई हळूच वळल्या. मुलीनं ओठांवर बोट ठेवलं आणि पायानं समोरची बुटकी खुर्ची पुढे सरकवली.

"बस," बाईंचा आवाज म्हणाला. "घाई नाही. आधी श्वास."

बाई मुकाट्यानं बसल्या आणि त्यांनी श्वास घेतला.