मेजरसाहेबांची नेमणूक

या, जरा पुढं सरकून बसा. कीर्तन आत्ताच संपलंय, लंगरची पंगत बसायला अवकाश आहे. पोट रिकामं आणि कान भरलेले असले की कथा नीट उतरते. आमचं कोट सुहावा गाव नशामुक्त कसं झालं, त्याची ही कथा. गुरुद्वाऱ्याच्या ओट्यावर बसून सांगतोय, तेव्हा पदरचं तिखटमीठ लावणार नाही. तशी गरजही पडलेली नाही.

चिट्ट्यानं, म्हणजे त्या पांढऱ्या पुडीनं, घरोघरची तरणी पोरं धरली तेव्हा पंचायतीनं सदर समस्येची गंभीर दखल घेतली. दखल घेऊनही समस्या हलेना, तेव्हा जिल्ह्याच्या साहेबांनी गावाला एक कुत्रा मंजूर केला. काळाभोर, तुकतुकीत, नाव मेजर. नशेचा वास आला की हा भुंकत नसे, चावत नसे. त्या माणसासमोर शांतपणे बसत असे. आमच्याकडं घरटी एक माणूस फौजेत. त्यामुळं नाव ऐकताच सगळे त्याला मेजरसाहेब म्हणू लागले. पेन्शनीतली मंडळी तर त्याची गाडी दिसली की खाटेवरून उठून उभी राहत. त्याला घेऊन हिंडणाऱ्या हवालदार लखमीरला मात्र कुणी चहासुद्धा विचारला नाही.

मेजरसाहेबांना राहायला जागा हवी होती. नशा सोडणाऱ्यांसाठी दवाखान्यात दोन खोल्या होत्या. एकीत गोळी मिळे, दुसरीत डॉक्टरबाई पोरांना समोर बसवून त्यांचं ऐकून घेत. ही दुसरी खोली मेजरसाहेबांना देण्यात आली, कारण कूलर तिथं होता. ऐकून घेणं काय, व्हरांड्यातही होतं, असा निर्वाळा सरपंच जगतार सिंगांनी दिला.

पहिल्या फेरीला अख्खा गाव पिंपळाच्या पारावर लोटला. मेजरसाहेब गर्दीतून वाट काढत थेट गेले आणि सरपंचांचे वडील बाबा केहर सिंग यांच्या खाटेसमोर बसले. आता बाबाजींच्या बंडीच्या खिशात अफूची डबी असते, हे गावातल्या तान्ह्या पोरालाही ठाऊक आहे. थंडीत गुडघ्यांसाठी, पाहुणे आले तर मानपानासाठी, आणि लग्नात वरपक्षाकडच्या म्हाताऱ्यांना चहाबरोबर वाटाण्याएवढी गोळी देण्यासाठी. ही रीत आहे. रीतीला कुणी नशा म्हणत नाही. बाबाजींनी मेजरसाहेबांच्या डोक्यावर हात ठेवून दीर्घायुष्याचा आशीर्वाद दिला. कुत्रा संस्कारी आहे, थोरांच्या पाया पडतो, यावर गावाचं एकमत झालं.

दुसऱ्या फेरीत ते तरसेमलालच्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसले आणि उठेचनात. तरसेमलाल खोकल्याच्या बाटल्या आणि झोपेच्या गोळ्या मागच्या दारानं विकतो, हेही गावाला ठाऊक. पण मेजरसाहेबांच्या खोलीवर देणगीदार म्हणून त्याचंच नाव रंगवलेलं होतं. औषधाच्या दुकानाला औषधाचा वास येणार नाही तर काय अत्तराचा येणार, असा त्यानं उलटा सवाल केला. सरपंचांना तो पटला. त्यांनी वर कळवलं की कुत्रा हुशार आहे, पण गावची रीत जाणत नाही. उलट टपाली आदेश आला: सदर श्वानाची नेमणूक अशा ठिकाणी करावी, जिथे निष्पत्ती अधिकाधिक व नाराजी कमीत कमी होईल.

असं ठिकाण गावात एकच होतं. दवाखान्याची रांग.

नशा सोडायला येणाऱ्याच्या अंगाला नशेचाच वास येणार. त्यातून रांगेतल्या कुणाचा बाप सरपंच नव्हता, कुणाचं नाव भिंतीवर रंगवलेलं नव्हतं. मेजरसाहेब एकासमोर बसले, उठले, दुसऱ्यासमोर बसले. वर्तमानपत्रात फोटो आला. एवढी निष्पत्ती जिल्ह्यात कुठल्याच कुत्र्यानं दिली नव्हती.

त्या रांगेत निर्वैर उभा असे. लंगरमध्ये रोट्या लाटायची सेवा करणाऱ्या हरबंस कौरचा एकुलता एक मुलगा. ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, मग पुडीनं धरला, मग एक दिवस स्वतःच आईचा हात धरून दवाखान्यात गेला. रोज सकाळी नर्ससमोर जिभेखाली गोळी ठेवायची, चुकवायची नाही. चुकली तर अंगात आग पेटते आणि ती विझवणारी पुडी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते. पोरगं नेमानं जात होतं. पहाटेच्या कीर्तनाला पुन्हा तबल्यावर बसू लागलं होतं. त्याचा हात असा मऊ पडायचा की गाणाऱ्याचा गळा आपोआप मोकळा व्हावा.

मेजरसाहेब त्याच्यासमोर बसले. समोरच्या चहाच्या टपरीवर गर्दी होतीच, आता ती रोजच असे. कुणीतरी म्हणालं, "ओय तबलजी, साहेब बैठकीला बसलेत, धर की ठेका." सगळे हसले. कुणी मोबाइल काढला. दुसऱ्या दिवशी निर्वैर घराबाहेर पडला नाही.

हरबंस कौर पिठाच्या हातानंच सरपंचांकडं गेली.

"जगतार, तो कुत्रा तिथनं हलव. गोळी चुकली तर माझं पोरगं जाईल."

"चाची, कुत्रा हलवला तर नशेडी सापडायचे कसे?"

"अरे, ते सापडलेलेच आहेत. आपल्या पायांनी येऊन उभे राहतायत."

"म्हणूनच तर म्हणतो, याहून चांगली जागा कुठली?"

गोळी घरी द्या म्हणावं, तर रुग्णानं जातीनं यायचा नियम. डॉक्टरबाईंनी वर लेखी विनंती केली, तर आपला नशामुक्तीला विरोध आहे काय, असा खुलासा त्यांच्याकडं मागण्यात आला.

मग चाचीनं स्वतःच तोड काढली. मुलाचा न धुतलेला सदरा घेऊन तिनं आपल्या ओढणीला कसकसून चोळला आणि रांगेत त्याच्या पुढं जाऊन उभी राहिली. मेजरसाहेबांनी ओढणी हुंगली आणि चाचीसमोर बसले. टपरी खदखदली. "चाची, या वयात?"

"हो रे पुत्तर, म्हातारचळ," ती म्हणाली. "हस पोटभर. पण बघ माझ्याकडंच."

आणि सगळे तिच्याकडं बघत असताना निर्वैर मान खाली घालून आत गेला, जिभेखाली गोळी ठेवून आला. असं रोज चाललं. लखमीरच्या ध्यानात आलं होतं. तो साखळी आखूड धरून आभाळाकडं बघत राही. पहाटेचा तबला पुन्हा सुरू झाला.

पण काम झालं की ते वर कळतं. कोट सुहाव्यात महिलाही व्यसनाच्या विळख्यात असल्याचं जिल्ह्याच्या बैठकीत सांगण्यात आलं, आणि साहेब हळहळले. परक्या नरानं बायकांना हुंगणं मर्यादेला धरून नाही, म्हणून महिलांसाठी स्वतंत्र कुत्री मंजूर झाली. तिच्यासाठी स्वतंत्र रांग आखली गेली, मध्ये कनात लावली गेली. त्या रांगेत एकटी हरबंस कौर उभी. कनातीच्या पलीकडं निर्वैर, समोर मेजरसाहेब, आणि त्यापलीकडं टपरी.

एक दिवस तो तसा उभा राहिला. नंतर आला नाही. त्याचं बघून बाकीचेही यायचे थांबले. रुग्णच नाहीत म्हणून डॉक्टरबाईंची बदली झाली. रांगच नाही म्हणून मेजरसाहेब कुणासमोर बसेनात. कुत्रा बसत नाही, याचा अर्थ गावात नशा उरलेली नाही, हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालं. वेशीवर फलक लागला: नशामुक्त कोट सुहावा. बाबाजींच्या हस्ते मेजरसाहेबांना झेंडूचा हार घालण्यात आला. हार घालताना ते पुन्हा बाबाजींसमोर बसले, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला.

हरबंस कौर त्या समारंभाला नव्हती. ती कालव्याच्या कडेनं निलगिरीच्या झाडांत पोराला धुंडाळत होती. निर्वैर तिला तिथं सापडला. सुई अजून दंडात होती.

सरपंच स्वतः सांत्वनाला आले. डोळ्यांत पाणी खरं होतं, मी पाहिलं. हलक्या आवाजात म्हणाले, "चाची, विचारलं कुणी तर हार्ट अटॅक म्हण. फलक लागलाय आता. गावाची अब्रू आहे."

"म्हणेन," ती म्हणाली. "तू एवढंच सांग, हार्ट अटॅकवाल्यांची रांग लागते तिथं कुत्रा बसवतात का रे?"

सरपंच उठून गेले. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा रोट्या लाटायला आली. पहाटेच्या कीर्तनाला आता तबल्यावर दुसरा कुणीतरी बसतो. हात जड आहे त्याचा.

मेजरला बोल लावू नका. त्या मुक्या जिवानं बाबाजींपासून निर्वैरपर्यंत सगळ्यांना एकाच मापानं मोजलं; कुठं पाया पडला म्हणायचं आणि कुठं पकडला म्हणायचं, ते माणसांनी ठरवलं. टपरीवरचे तरी कुठं वाईट होते? तुमच्या-माझ्यासारखेच, सकाळी माथा टेकून चहाला आलेले. चाचीनं ओढणी चोळली तेव्हा तुमच्याही ओठांवर हसू आलं, ते मी पाहिलं. असू दे. पुढच्या वेळी अरदासला, त्या शेवटच्या प्रार्थनेला, उभे राहाल, तेव्हा मनातल्या मनात एवढं एक नाव घ्या: निर्वैर सिंग, हरबंस कौरचा मुलगा. कशानं गेला, ते सांगत बसू नका. ऐकणाऱ्याला ते ठाऊक आहे.