नाते नसल्याचा दाखला

हिच्या मांडीचे हाड मोडले, त्याला पाच महिने झाले; ते पुन्हा जुळलेही. डॉक्टरांच्या मते ती आता चालू शकते. आमच्या जिन्याचे मत वेगळे आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, आणि जिन्याला दोन्ही बाजूंना नुसत्या भिंती. धरायला काही नाही. भिंतीला एक लोखंडी दांडा बसवायचा, एवढेच काम होते. पण इमारत गृहविभागाच्या मालकीची, त्यामुळे खिळा ठोकायचा तरी परवाना लागतो.

"तुम्ही परवाना आणा, मी उतरून दाखवते," ही म्हणाली. पाच महिने तिने रस्ता फक्त वरून पाहिला होता.

सरकारी खिडकीसमोर उभा राहिलो की मला आपणच काही गुन्हा केल्यासारखे वाटते. म्हणून मी चार वाक्ये पाठ करून गेलो होतो. ती वाया गेली.

"या काका, या! कसं काय, बरंय ना?" खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

मी मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते.

खुलासा भिंतीवर चिकटवलेला होता. 'नागरिकांशी कार्यालयीन भाषेत बोलू नये. घरगुती, रोजच्या बोलीत बोलावे. वय पाहून काका, मावशी, दादा, ताई यांपैकी योग्य ते संबोधन वापरणे बंधनकारक आहे. आपुलकीत कसूर करणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल.'

बाईंनी अर्ज वाचला, शिक्का उचलला आणि तो तसाच हवेत धरला.

"अगंबाई! काका, तुमचं काम मला नाही हो करता यायचं."

"का?"

"मी तुम्हाला काका म्हणाले ना! सेवानियम सत्तावीस. नातलगाचं प्रकरण कर्मचाऱ्यानं हाताळायचं नाही."

"पण आपलं तर काहीच नातं नाही."

"असं तोडून बोलू नका हो, काका." त्या खरोखर दुखावल्या. मग खिडकीवरच्या यंत्राकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि ते सगळं टिपून घेतं."

खात्याने ते यंत्र आपुलकी मोजण्यासाठी बसवले होते. तपासणीत असे आढळले की गेल्या तीन महिन्यांत कार्यालयाने झाडून सगळी कामे काका, मावश्या आणि दादांचीच केली होती. वशिलेबाजीचा एवढा मोठा प्रकार खात्यात पूर्वी कधी उघडकीस आला नव्हता.

दुसऱ्या खिडकीवर मी आजोबा झालो. तिसऱ्या खिडकीवर नुसता बाबा. साहेब निवृत्तीला आलेले, जवळजवळ माझ्याच वयाचे, त्यामुळे तिथे आशा होती, पण ते खुर्चीतूनच म्हणाले, "ये रे मित्रा!" मैत्री हे नाते धरावे काय, याबद्दल त्यांनी वरून मार्गदर्शन मागवले होते. ते अजून आले नव्हते.

"मग मी करू काय?"

साहेबांनी दार लोटून घेतले. "सात नंबरची खिडकी. तिथला माणूस तुसडा आहे. आपुलकीच्या प्रशिक्षणात तीनदा नापास झालाय. सध्या अख्खं ऑफिस त्याच्याच जिवावर चाललंय."

सात नंबरची रांग फाटकाबाहेर गेली होती. आतून खेकसणे ऐकू आले की लोकांचे चेहरे खुलत. दोन तासांनी माझा नंबर लागला.

"काय पाहिजे?" तो गुरकावला.

इतके गोड मी कित्येक दिवसांत काही ऐकले नव्हते. त्याने अर्ज हिसकावला, "याला अक्षर म्हणतात?" असे विचारले आणि धाडकन शिक्का मारला. आता सही तेवढी राहिली. आणि ज्याला खिडकीसमोर कधी शब्द सुचत नाही, तो मी म्हणून गेलो, "फार उपकार झाले रे, बाळा."

यंत्रावरचा लाल दिवा लागला.

"केलंत ना नातं?" त्याने पेन खाली ठेवले. "बरं चाललं होतं आपलं."

आता एकच मार्ग होता: नाते नसल्याचा दाखला. त्यासाठी आमच्याशी नाते नसलेल्या दोन शेजाऱ्यांच्या सह्या हव्या होत्या. त्या घ्यायला निरीक्षक स्वतः इमारतीत आले. ही वरच्या पायरीवर बसून ऐकत होती.

"काकू ना? आम्हाला तर आईसारख्या!" पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या. निरीक्षकांनी नाव खोडले.

"काकांचं काम म्हणजे घरचंच काम," समोरचे गृहस्थ म्हणाले. तेही नाव गेले. अठरा बिऱ्हाडे, अठरा नाती. वरून हिचा सुस्कारा ऐकू आला. इतके प्रेम असेल असे आम्हाला वाटले नव्हते.

निरीक्षकांनी फाइल बांधायला घेतली. मग नियमात होता म्हणून शेवटचा प्रश्न सगळ्यांना विचारला. "गेल्या पाच महिन्यांत या नात्यानं काय केलंत? औषध आणून दिलं, भाजी वर पोचवली, हात धरून जिना उतरवला, काहीही चालेल."

जो तो दुसऱ्याच्या दाराकडे पाहू लागला.

"मी म्हटलं होतं ना काकूंना, काही लागलं तर हक्कानं सांगा," पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या.

"सांगितलं त्यांनी?"

"सांगितलं होतं एकदा. पण मग... राहूनच गेलं."

निरीक्षकांचा चेहरा उजळला. "वा! मग काही हरकत नाही. करा सही."

दोनच हव्या होत्या, अठरा मिळाल्या. अहवालात त्यांनी लिहिले: 'सदर संबोधने बोलण्यापुरती असून त्यांपासून कोणासही काहीही झाल्याचे आढळत नाही.' आठ दिवसांत परवाना आला आणि दांडा बसला.

ही उतरली. एकेक पायरी, दोन्ही हातांनी दांडा धरून. पहिल्या मजल्यावर दार उघडले.

"अय्या काकू! उतरलात की! चहाला या हं एकदा."

ही थांबली. श्वास जागेवर येऊ दिला आणि म्हणाली, "आत्ता येऊ?"

त्या बाईंनी काय उत्तर दिले, ते मी लिहीत नाही. तुम्ही काय दिले असते, ते तुम्हाला माहीत आहे.