गावरान कलम

टीव्हीवर मला सगळे ओळखतात. मालिकेत सहा वर्षं मी कृषी अधिकारी आहे! पण मी लिहितोही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माझं पहिलं पुस्तक आलं, 'गावरान कलम', तेव्हा मी बायकोला बजावलं, "आता लोक मला चेहऱ्यावरून नाही, लेखणीवरून ओळखतील!"

"आधी कुणाला वाचू तर दे," ती म्हणाली. तिने स्वतः ते अजून उघडलंही नव्हतं.

प्रकाशन तालुक्याच्या गावी, कन्नडला, आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवलं. शफीकभाईंची जीप भोंगा लावून गावोगाव फिरली. शफीकभाई उर्दूवर पोसलेला माणूस, शब्दाला वजन देऊन बोलणार! "टीव्हीवाले साहेब येतायत! त्यांच्या कलमात जादू आहे! गावरान कलम, खुद्द साहेबांच्या हातचं!"

मंडप तुडुंब भरला. लोकांनी मला हार घातले नाहीत, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या आंब्याच्या काड्या दिल्या! काय हा साधेपणा! मी भारावून त्या छातीशी धरल्या.

"सायेब, उन्हात नका धरू, सुकतील!" पुढे बसलेले बन्सी नावाचे शेतकरी ओरडले.

"हे प्रेम सुकणार नाही!" मी गहिवरून म्हणालो.

भाषण संपायच्या आत दोनशेच्या दोनशे प्रती खपल्या! सह्या करून बोटं आखडली. पिशोरच्या भागूबाई तर पुस्तक पदराखाली घालून, "माझी एसटी जाईल," म्हणत पळाल्याच.

मग बन्सींनी विचारलं, "सायेब, कलम लागंल ना पण?"

"मनापासून धरलं की लागतंच!"

"किती दिसात?"

"मला वीस वर्षं लागली."

बन्सी ताडकन उठले.

"वीस वर्सं? आवो, आमच्या मेव्हण्याचं महिन्यात फुटतं!"

"फुटतं?" मी चक्रावलो. "काय फुटतं?"

"पालवी! केशरचं कलम गावरान आंब्याच्या खुंटावर बांधायचंय ना? चाकू आणलाय, दावा बांधून!"

माझ्या हातात चाकू आला आणि डोक्यात उजेड पडला. मी शफीकभाईंकडे पाहिलं. ते भोंग्याकडे पाहू लागले.

"अहो, कलम म्हणजे लेखणी! ह्यात माझे ललित लेख आहेत!"

"म्हंजी आंबा नाय?"

"एका लेखात आहे... आमरस."

पाच मिनिटांत पुस्तकांचा ढीग माझ्यासमोर परत आला. लोकांनी काड्यासुद्धा मागून नेल्या! रडू यायचं तेवढं बाकी होतं. तरी पुस्तकं मोजली. एकशे नव्व्याण्णव. भागूबाई गाडी गाठायला आधीच गेल्या होत्या!

आठ दिवसांनी फोन वाजला. मलपृष्ठावर माझा नंबर होता.

"सायेब, पिशोरहून भागूबाई बोलते. तुमचं पुस्तक वाचलं. दोनदा वाचलं!"

माझा ऊर भरून आला. दोनदा! पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत! आख्ख्या महाराष्ट्रात मला एक वाचक मिळाला होता.

"कसं वाटलं मावशी?"

"लई ग्वाड लिवलंय. पण कलमाची पाचर खुंटात कुठं मारायची त्ये काय घावंना. कोन्च्या पानावर हाय?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ! पण तेवढ्यात टेबलावरच्या एकशे नव्व्याण्णव प्रतींकडे माझं लक्ष गेलं.

"मावशी," मी म्हणालो, "अजून एकदा वाचा. जरा सावकाश."