नानांना साधा थर चालत नाही

दुधाच्या पातेल्यावरची साय बाजूला सारून खाली दूधच आहे, याची खात्री झाल्याशिवाय नाना चहा टाकू देत नाहीत.

नाना म्हणजे आमच्या नरडाण्याच्या वर्कशॉपचे तपासनीस. आमच्याकडे कापसाच्या जिनिंग यंत्रांचे, पंपांचे झिजलेले शाफ्ट येतात. लेसरनं धातूची पूड वितळवून त्यांच्यावर नवा थर चढवायचा, याला क्लॅडिंग म्हणतात. तो थर मूळ धातूला असा एकजीव होतो की जोड दिसत नाही. आणि न दिसणाऱ्या गोष्टींवर नानांचा भारी डोळा.

"वरतून चकचकीत शे. मधमा काय शे?" हा त्यांचा ठरलेला सवाल. शाफ्टला लाल रंग फासतील, पुसतील आणि भेगेतून तो परत डोकावतो का, हे भिंग लावून बघत बसतील. भेग सापडली नाही, तर आणखी बिथरतात.

"नाना, चांगलं झालंय हो!" ऑपरेटर काकुळतीला येतो.

"चांगलं दिसस, म्हणीसनच संशय येस."

पण मध्यंतरी नानाच संशयास्पद वागू लागले. फोन आला की मशीनमागे जाऊन कुजबुज. "कोबाल्ट किती? क्रोम किती? एक तुकडा कापीसन दखाडा ना." नाना दुसऱ्या वर्कशॉपला फितूर झाले, अशी आमची खात्रीच पटली. शेवटी मी त्यांना गाठलंच.

नाना खाली बघत म्हणाले, "अक्काना गुडघा बदलाना शे."

पलीकडून बोलत होते ते धुळ्याचे डॉक्टर! बायकोच्या पायात बसवायचा धातूचा गुडघा हा माणूस आधी कापून बघायला मागत होता. अक्का बिचाऱ्या भिंत धरून चालत होत्या. आणखी उशीर केला तर चालणंच थांबेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मला असा संताप आला की दोघांना गाडीत घालून मीच धुळ्याला नेलं.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी डॉक्टरांनी विचारलं, "धातूबद्दल आणखी काही शंका?"

नानांनी नकारार्थी मान हलवली. मग अगदी हळू म्हणाले, "डॉक्टर, घरमा आम्ही दोन्हीच शेतस. मी बी येऊ का तिनासंगे? ती घाबरस."

स्ट्रेचरवर अक्का खुदकन हसल्या. "घाबरस कोण, ते यास्लेच इचारा!"

माझा राग तिथेच विरला. नर्सबाईंनी अक्कांच्या हातातून नानांची बोटं सोडवली. दार लागलं. मी बाकावर जागा करून दिली, पण नाना बसेनात.

"दारशीच थांबस," ते म्हणाले. "जागी व्हयनी का पहिले माले शोधी ती."