जानू तांडेलची शरणागती

दांडीच्या जानू तांडेलला आपला आयुर्विमा मुदतीआधी बंद करायचा होता. कारण साधं होतं. त्याला जगायचं होतं.

विमा उतरवताना हा धोका कुणी त्याच्या लक्षात आणून दिला नव्हता. पूर्वी वारा फिरला की त्याची बायको वत्सला किनाऱ्यावर येऊन उभी राहायची आणि होडी दिसेपर्यंत घोटभर पाणी प्यायची नाही. विमा उतरवल्यापासून ती स्वस्थ झाली. इतकी स्वस्थ, की जानू वादळातून घरी पोचला तर ती घोरत असायची. मेहुणा भिका पूर्वी सणावारालाही फिरकत नसे. तो आता येता-जाता डोकावून, "दाजी, छातीत दुखत नाय ना?" असं मोठ्या आशेनं विचारू लागला.

अशात एका सकाळी समुद्रावर आभाळ काळंठिक्कर झालेलं असताना जानू होडी ढकलायला निघाला. वत्सलानं दारातून हाक मारली. 'नका जाऊ' म्हणेल या आशेनं तो वळला.

"हप्ता भरलाव ना?" वत्सलानं विचारलं.

जानूनं होडी तिथंच सोडली आणि बोईसरची एस.टी. पकडली.

"मला सरेंडर करायचाय," विमा कचेरीच्या दारात तो म्हणाला.

शिपाई पुंजारामनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "पोलीस ठाणं पलीकडं हाय."

हा गैरसमज दूर झाल्यावर त्याला सुगंधाबाईंच्या खिडकीवर धाडण्यात आलं. "मृत्यूचा दावा असता तर आत्ता हातासरशी करून दिला असता हो," बाई मायेनं म्हणाल्या. "हयात माणसाचं जरा कठीण असतं. साहेबांना भेटा."

शाखाधिकारी कमलाकांत सावे यांनी चहा मागवला. त्यांची अडचण वेगळी होती. ज्या शाखेतून वर्षभरात एकही विमेदार जिवंतपणी बाहेर पडत नसे, त्या शाखेला विभागाकडून चांदीची ढाल मिळत असे. बोईसर शाखा त्या ढालीच्या अगदी जवळ येऊन ठेपली होती.

"कारण?" सावेसाहेबांनी विचारलं.

"साहेब, जिवाची भीती वाटते."

"मग तर विमा हवाच!"

"विम्याचीच वाटते."

सावेसाहेबांनी नियमावली चाळली. आर्थिक अडचण, परदेशगमन आणि संन्यास ही कारणं ग्राह्य होती. जिवंत राहण्याची इच्छा त्यात कुठंच नव्हती. "प्रकरण घरगुती दिसतं," ते म्हणाले. "वारसदाराचं प्रबोधन करावं लागेल."

रविवारी कचेरीची जीप दांडीत आली. बोंबील वाळत घातले होते त्या मोकळ्या जागेत सगळी आळी गोळा झाली. सावेसाहेब घसा साफ करून म्हणाले, "वत्सलाताई, तुम्ही अगदी निश्चिंत राहा. तांडेल आजारानं गेले तर ठरलेली रक्कम मिळेल. पण अपघातानं गेले, समजा बुडाले, तर दुप्पट!"

हे दुप्पट आजवर कुणालाच ठाऊक नव्हतं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पुरुषांनी जमिनीकडे.

वत्सला मात्र पुढं झाली. "माझा बा बुडाला तवा आमाला होडीची फळीपन गावली नाय. आय लोकांच्या दारात मासली साफ करून मेली. म्हनून मी हप्त्याचा इचारते. मरा म्हनत नाय मी."

जानूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो काही बोलणार, तेवढ्यात भिकानं हात वर केला. "साहेब, खाडीत बुडला तर चालल? का समुद्रच लागतो?"

संध्याकाळपर्यंत आळीतल्या झाडून सगळ्या नवऱ्यांचे विमे उतरले. काशीबाईचा नवरा नको नको म्हणत होता. तिनं त्याचा अंगठा धरून शाईत बुडवला.

दुसऱ्या दिवसापासून दांडीचे पुरुष समुद्रावर जाईनात. बायको गोड बोलली की गडी त्या रात्री उपाशी निजू लागला. होड्या किनाऱ्यावर, गडी होड्यांच्या सावलीला, आणि एकमेकांवर पहारा. पाहता पाहता बोईसरच्या बाजारातून सरंगा गायब झाला. सरकारी वसाहतीतल्या बड्या साहेबांच्या ताटात रविवारी दुधी पडला, तेव्हा प्रकरणाला शासकीय स्वरूप आलं. चौकशी झाली. समुद्र जागेवर होता, मासे सुखरूप होते, होड्या सुस्थितीत होत्या. दोष फक्त माणसांत होता आणि त्याचा उगम जानू तांडेलमध्ये सापडला. वरून हुकूम आला, 'सदर इसमास जनहितार्थ तात्काळ विमामुक्त करण्यात यावे.'

सावेसाहेबांनी ढालीवर पाणी सोडून सही केली. सही करताना त्यांचे डोळे भरून आले.

जानू नाचत घरी आला. "वत्सले, आता मेलो तर कवडी नाय मिलायची!"

वत्सलानं असा हंबरडा फोडला, की आळी धावत आली. काशीबाई तर गंगाजळ घेऊनच आली.

सकाळी आभाळ स्वच्छ होतं. जानू होडीपाशी गेला, तर वत्सला आत बसलेली.

"उतर."

"नाय. तुमी नाय जायाचा. आता तुमचा मरना मला परवडत नाय."

जानूला आनंदानं गहिवरून आलं. त्यानं होडीकडे पाठ फिरवली. वत्सलानं त्याला विहिरीवर जाऊ दिलं नाही, माडावर चढू दिलं नाही, माशाचा काटा लागेल म्हणून भातावर नुसतं कालवण वाढलं. मग कालवण संपलं. मग भात. भुकेनं सुकत चाललेला जानू ओट्यावर बसलेला पाहून आळीतल्या पुरुषांना समुद्र त्यातल्या त्यात बरा वाटला. एकेक करून सगळ्या होड्या पाण्यात गेल्या. जानूची तेवढी वाळूत राहिली.

अखेर एके दिवशी वत्सला विहिरीवर गेल्याचं पाहून तो मागच्या दारानं निसटला आणि सावेसाहेबांसमोर जाऊन उभा राहिला.

"उतरवायचाय," तो म्हणाला. "पयल्यापरीस मोठा."

सावेसाहेबांनी उठून हात मिळवला, खुर्ची पुढं केली.

"कारन नाय इचारत?" जानूनं विचारलं.

"उतरवताना आम्ही कशाला विचारू?" सावेसाहेब म्हणाले आणि सहीची जागा दाखवली.

त्या रात्री वत्सला बऱ्याच दिवसांनी गाढ झोपली. जानू जागा होता.

तुम्ही त्याला हसलात, त्याला हरकत नाही. आज घरी गेलात की एवढंच करा. विम्याची पावती कुठं आहे, असं बायकोला सहज विचारा. पावती बसल्या जागी तुमच्या हातात पडेल. मग तुमची रक्तदाबाची गोळी कुठं आहे, तेही विचारून पाहा.